दुष्काळाआधी पाणी अडविणारा राजा

राजर्षी शाहू महाराज 2 एप्रिल 1894 रोजी कोल्हापूरच्या गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. दोनच वर्षांनी दुष्काळ पडला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, मजुरांसाठी कामे काढली, गुराढोरांच्या चाऱ्याची सोय केली. पाठोपाठ प्लेगची साथ आली. अशा संकटांत सर्वांत आधी होरपळतो तो घरात साठवण नसलेला आणि सार्वजनिक विहिरीवर हक्क नसलेला माणूस.

संकट दाराशी आल्यावर केलेली मदत अपुरी पडते, हे ओळखून महाराजांनी भोगावती नदी अडविण्याचे ठरविले. 1907 साली योजना आखली गेली, फेजिवड्याजवळ धरणाचे काम सुरू झाले. त्यांच्या हयातीत ते पुरे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर राधानगरी धरण पूर्णत्वास गेले. आज त्याचे पाणी कोल्हापूरच्या शेतीला आधार देते.

अज्ञान आणि अस्पृश्यता हाही पिढ्यान्‌पिढ्यांचा दुष्काळच होता. त्यावरही त्यांनी आधीच बांध घातला. 1902 साली मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या, 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा निर्णय झाला. 1920च्या माणगाव परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले.

6 मे 1922 रोजी, वयाच्या 47व्या वर्षी महाराज निवर्तले. धरण तेव्हा अर्धवट होते. वसतिगृहांतून मात्र मुले शिकून बाहेर पडत होती. वसतिगृहात वाढलेल्या आपणा सर्वांवर त्या दूरदृष्टीचे ऋण आहे.