टाच झिजली म्हणून मोजा टाकायचा नाही

थंडी पडली की माळ्यावरची ट्रंक खाली येते. शाली, स्वेटर, कानटोप्या अंगणात उन्हाला पडतात. आणि दरवर्षी त्यांतून एखादा लोकरीचा मोजा हातात येतोच. वरून अगदी धड, नक्षी जशीच्या तशी, पण टाचेला रुपयाएवढं भोक! माझ्या सासूबाईंनी विणलेले असे दोन जोड आमच्याकडे आहेत. घालता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. कुणीतरी पंधरा-वीस संध्याकाळी खर्ची घालून केलेली वस्तू तळहाताएवढ्या भागासाठी कशी फेकायची?

हाच प्रश्न दूर अमेरिकेत एका बाईनं मनावर घेतला होता. तिचं नाव एलिझाबेथ झिमरमन. विणकाम करणाऱ्यांच्या जगात आजही हे नाव आदरानं घेतलं जातं.

एलिझाबेथचा जन्म ९ ऑगस्ट १९१० चा, इंग्लंडमधला. वडील नौदलात अधिकारी. सुया हातात दिल्या आईनं आणि मावश्या-आत्यांनी. त्यांची पद्धत इंग्लिश, म्हणजे लोकर उजव्या हातात धरून विणायची. पुढे सांभाळायला आलेल्या स्विस बाईंनी तिला लोकर डाव्या हातात धरायला शिकवलं. त्यात हात कमी हलतो आणि काम भराभर होतं. ही दुसरी पद्धत तिनं जन्मभर सोडली नाही. पुढे अमेरिकेतल्या बायकांमध्ये ती पुन्हा रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे.

तरुणपणी ती चित्रकला शिकायला स्वित्झर्लंडला आणि मग जर्मनीत म्युनिकला गेली. तिथे तिची गाठ अर्नोल्ड झिमरमनशी पडली. बिअर बनवण्याच्या धंद्यातला हा जाणकार तरुण. काळ हिटलरचा. अर्नोल्डच्या तोंडून हिटलरबद्दल वावगा शब्द गेला आणि त्याला देश सोडावा लागला. १९३७ मध्ये दोघं इंग्लंडहून अमेरिकेला गेली. परका देश, नवा संसार, पाठोपाठ तीन मुलं. नवऱ्याच्या नोकरीपायी बिऱ्हाडं बदलत शेवटी ती विस्कॉन्सिन राज्यात एका जुन्या शाळेच्या इमारतीत स्थिरावली. त्या शाळेचंच त्यांनी घर केलं.

विणकाम मात्र कुठेच सुटलं नाही. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसूनसुद्धा ती विणायची म्हणे! आपण बसमध्ये जागा मिळाली की पिशवीतून सुया काढतो, तसंच की हे.

आता तिच्या आयुष्यातला वळणाचा प्रसंग. एलिझाबेथ स्वेटर गोल विणायची. मधे लवचिक तार असलेल्या गोल सुईवर, नळीसारखा, बिनशिवणीचा. पुढचा भाग वेगळा, पाठ वेगळी, मग शिवत बसा, हे तिला मुळीच पटत नसे. १९५० च्या दशकात एका मासिकानं तिचा नक्षीचा स्वेटर घेतला. पण छापताना कृती बदलून टाकली. गोल विणलेला स्वेटर सपाट तुकड्यांत विणायला सांगितला, कारण वाचक बायकांना तशीच सवय! विचार तिचा, मेहनत तिची, आणि भलतंच काही छापून आलं.

आपल्यापैकी कितीजणींनी हे भोगलंय! आपण काही नीट विचार करून सांगावं आणि समोरच्यानं बायकांना एवढं झेपणार नाही म्हणून ते परस्पर बदलावं. एलिझाबेथ रडत बसली नाही की भांडत बसली नाही. १९५८ मध्ये तिनं स्वतःचंच छोटं पत्रक काढलं. कृती तिच्या शब्दांत, तिच्या पद्धतीनं. लोकर आणि सुयाही ती टपालानं पाठवू लागली. घरातून सुरू झालेल्या या उद्योगाचं पुढे ‘स्कूलहाउस प्रेस’ झालं. दूरचित्रवाणीवर तिचे विणकामाचे धडे झाले. १९७१ मध्ये ‘निटिंग विदाउट टीअर्स’ हे पुस्तक आलं. १९७४ पासून शिबिरं सुरू झाली.

तिच्या शिकवण्याचं सार एकच होतं. छापील कृतीची गुलामी करू नका, स्वतःचं डोकं वापरा. त्यासाठी तिनं सोपा हिशेब दिला. आधी छोटा नमुना विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचं. त्याला स्वेटरच्या छातीच्या घेरानं गुणायचं. समजा २०० टाके आले. मग मनगटाशी त्याचे २० टक्के म्हणजे ४०, बाहीच्या वरच्या भागाला साधारण एक तृतीयांश म्हणजे ६६. झालं! नातवाचा असो की आजोबांचा, कुठलाही स्वेटर याच हिशेबानं बसतो. १९६८ मध्ये तिनं बाळाचं एक जाकीट तयार केलं. सगळं सुलट टाक्यांचं एकच वेडंवाकडं कापड. घडी घातली, खांदे जोडले, की जाकीट तयार!

आता मोज्याकडे येऊ. मोजा झिजतो कुठे? टाचेला आणि तळव्याला. पोटरीवरचा भाग वर्षानुवर्षं टिकतो. मग जो भाग झिजणार, तो बदलता येईल असाच का विणू नये? ‘निटर्स अल्मनॅक’ (१९७४) या पुस्तकात तिनं असे मोजे दिले. आधी नळी आणि पावलाची वरची बाजू विणून घ्यायची. मग कडेनं टाके उचलून तळवा शेवटी विणायचा. झिजला की तेवढाच उसवून नवा विणायचा.

तिच्या नावाशी जोडली जाणारी दुसरी युक्ती म्हणजे मागाहून घालायची टाच. मोजा सरळ नळीसारखा विणत जायचं, टाचेपाशी थांबायचंच नाही. समजा मोजा ६० टाक्यांचा आहे. टाच हवी तिथे, तळव्याच्या बाजूच्या ३० टाक्यांची एक ओळ ठरवायची. तिच्या वरच्या आणि खालच्या ओळीचे टाके दोन सुयांवर उचलून ठेवायचे. मग मधल्या ओळीतला मधोमधचा एकच टाका कापायचा (छाती धडधडते खरी!) आणि दोन्हीकडे पंधरा-पंधरा टाके उसवायचे. उघडलेल्या तोंडावर, कोपऱ्यांत एकेक टाका जादा उचलून, गोल विणायचं. एक फेरी सोडून दर फेरीला दोन्ही कडांना मिळून चार टाके कमी करायचे. वीसेक उरले की सुईदोऱ्यानं टाक्याला टाका जोडून बंद. ही टाच झिजली की तेवढीच उसवायची आणि पुन्हा विणायची. विणताना लोकरीबरोबर बारीक नायलॉनचा धागा घेतला तर ती जास्त टिकते.

आणि माझ्याकडच्यासारखे जुने, वेगळ्या पद्धतीच्या टाचेचे मोजे असतील तर? त्यांना आपलं रफूच बरं. मोज्यात वाटी उपडी घालायची. भोकाच्या बाहेरच्या धड टाक्यांपासून सुरुवात करून आधी उभे धागे घालायचे. मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून, खाट विणतात तसा. ओढायचं मात्र नाही, नाहीतर गाठ होते आणि चालताना टोचते. खरं तर लोकर विरळ दिसू लागली की तेव्हाच हे करावं. भोक पडायची वाट का बघायची?

एलिझाबेथची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. इतकं नवं देऊनही या गोष्टींचा शोध आपण लावला असं ती म्हणत नसे. कुठल्या तरी काळी, कुठल्या तरी घरात, कुणा बाईला हे आधीच सुचलं असणार, आपल्याला ते फक्त पुन्हा सापडलं, असं तिचं मत होतं. त्यासाठी तिनं एक वेगळा शब्दही घडवला होता. आपल्या आज्या-पणज्यांनी चुलीपुढे, ओसरीवर बसून शोधलेल्या किती युक्त्या अशा बिननावाच्या राहिल्या! कोणी लिहून ठेवल्या नाहीत. एलिझाबेथनं लिहून ठेवल्या, हाच तिचा मोठेपणा.

३० नोव्हेंबर १९९९ रोजी ती गेली. मुलगी मेग स्वानसन हिनं तिचं काम पुढे चालवलं.

यंदा ट्रंक उघडाल तेव्हा भोकाचा मोजा पायपुसण्यात टाकू नका. सुई घ्या, वाटी घ्या आणि शेजारी लेकीला, सुनेला बसवा. आणि हो, सासूबाईंची एखादी युक्ती आठवत असेल तर वहीत लिहून ठेवा. खाली त्यांचं नाव घालायला विसरू नका.