बन्सेन आणि आमच्या न्हाणीतला गिझर

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझं मराठी अर्धं पुस्तकातलं आणि अर्धं आज्जीच्या तोंडचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

मला ज्या माणसाबद्दल लिहायचंय तो जर्मन होता आणि त्याला जाऊन सव्वाशे वर्षं झाली. तरी तुम्ही सगळे त्याला ओळखता. बारावीच्या प्रॅक्टिकलला त्याचा बर्नर पेटवताना आपल्यापैकी निम्म्यांनी बोटं भाजून घेतली असतील. रॉबर्ट बन्सेन! मला मात्र तो खरा भेटला बिलोलीला, आमच्या घरच्या न्हाणीत.

त्याचं असं झालं. गेल्या हिवाळ्यात मी सुट्टीला घरी होते. सकाळी आई अंघोळीला गेली. बराच वेळ झाला तरी पाण्याचा आवाज थांबेना. आज्जीनं दोनदा हाक मारली, आतून ओ नाही. शेवटी पप्पांनी धक्का मारून कडी तोडली. आई फरशीवर पडलेली आणि वर भिंतीवर गिझर आपला चालूच! तिला उचलून अंगणात आणलं, मग दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत ती बोलायला लागली. डॉक्टरांनी आम्हाला पहिला प्रश्न हाच विचारला होता की गॅसचा गिझर न्हाणीच्या आत आहे का.

गॅस गळत नव्हता. वास तर अजिबात नव्हता. मग झालं काय? हे शोधताना मी बन्सेनपर्यंत पोचले.

बन्सेनचा जन्म १८११ साली जर्मनीतल्या गॉटिंगेन गावात झाला. वडील तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक आणि ग्रंथपाल. चार भावांत हा सगळ्यात धाकटा. साधारण माझ्या वयाचा असताना त्याची डॉक्टरेट झाली होती. (माझे अजून दोन विषय बॅक आहेत, तो भाग वेगळा.) मग त्यानं जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया असं फिरून कारखाने, खाणी आणि प्रयोगशाळा पाहिल्या.

त्याचं पहिलं गाजलेलं काम विषावरच होतं. १८३४ साली त्यानं दाखवलं की ताजं बनवलेलं ओलं लोहाचं हायड्रॉक्साइड सोमलावर म्हणजे आर्सेनिकवर उतारा म्हणून चालतं. पुढे तो कॅकोडाइल नावाच्या आर्सेनिकच्या संयुगांवर काम करू लागला. ही संयुगं घाणेरड्या वासाची, विषारी आणि त्यातली काही हवेत आपोआप पेट घेणारी. एका स्फोटात काचेचा तुकडा लागून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. आर्सेनिकची विषबाधा होऊन तो मरता मरता वाचला तो वेगळाच. पुढचं सगळं आयुष्य त्यानं एका डोळ्यानं काम केलं. प्रकाशाचे रंग पाहून नवी मूलद्रव्यं शोधणारा माणूस एका डोळ्याचा होता, हे आपल्याला लॅबमध्ये कुणी सांगत नाही.

त्यानंतर तो लोखंडाच्या भट्ट्यांकडे वळला. १८३८ पासून त्यानं भट्टीच्या तोंडातून निघणारे वायू गोळा करून मोजले. जर्मनीतल्या कोळशाच्या भट्टीत निम्म्याहून जास्त उष्णता वायूंबरोबर वर निघून जाते, असं त्याला दिसलं. १८४५ साली लायन प्लेफेअरबरोबर त्यानं इंग्लंडमधल्या भट्ट्या तपासल्या. तिथे तर ८० टक्क्यांहून जास्त वाया जात होती! त्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड भरपूर होता, म्हणजे अर्धवट जळालेला कोळसाच. कारखानदारांच्या दृष्टीनं तो धूर होता, बन्सेनच्या दृष्टीनं ते हवेत उडून चाललेलं इंधन होतं. वायू मोजायच्या याच पद्धतींवर त्यानं १८५७ साली पुस्तक लिहिलं.

आमच्या न्हाणीतही हाच कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला रंग नाही, वास नाही. सिलेंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, पण तो न जळालेल्या गॅसला. जळून तयार झालेल्या मोनॉक्साइडला वास कोण घालणार? आणि आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. माणसाला गुदमरल्यासारखं फारसं वाटत नाही. डोकं दुखतं, गरगरतं आणि पाय जातात. दार उघडायची ताकदच उरत नाही.

आता गिझरबद्दल. हा शब्द मूळचा आइसलँडचा. तिथल्या उकळत्या पाण्याच्या एका उंच कारंज्याचं नाव गेसिर, त्यावरून जगभरच्या कारंज्यांना ते नाव पडलं आणि पुढे आपल्या न्हाणीतल्या डब्यालाही. गंमत म्हणजे बन्सेन तिथेही पोचला होता! १८४५ साली हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी तो आइसलँडला गेला. कारंज्याच्या नळीत त्यानं वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं. खाली पाणी शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं, पण वरच्या पाण्याच्या दाबामुळे उकळत नाही, अगदी आपल्या कुकरसारखं. ते जरा वर सरकलं की दाब कमी होतो, एकदम उकळी फुटते आणि सगळं पाणी उसळतं. परत येऊन त्यानं प्रयोगशाळेत छोटं कारंजं बनवून ते सिद्धही केलं.

बन्सेनला खर्चाचंही भान होतं, आणि हे मला फार आवडतं. त्या काळी चांगल्या बॅटरीत प्लॅटिनम लागायचं, म्हणजे जाम महाग. १८४१ साली त्यानं त्या जागी कोळसा आणि कोक भाजून केलेला कार्बन वापरला. बॅटरी स्वस्त झाली, काम तेवढंच चोख. जिथे पैसा विनाकारण जातो तिथे त्यानं तो वाचवला.

१८५२ साली तो हायडेलबर्गला प्राध्यापक झाला. गावात नुकतेच गॅसचे दिवे आले होते आणि त्याच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधली जात होती. तिथेही गॅस घ्यायचा ठरला. पण तेव्हाच्या बर्नरच्या ज्योती पिवळ्या, काजळी धरणाऱ्या. बन्सेनची कल्पना साधी होती. गॅस जळायच्या जागी पोचायच्या आधीच त्यात हवा मिसळली पाहिजे. विद्यापीठाचा यंत्रकारागीर पीटर डेसागा यानं १८५५ साली तो बर्नर बनवला. खाली गॅसची बारीक तोटी, वर उभी नळी आणि नळीच्या बुडाला हवेसाठी भोकं. गॅस वेगानं वर जाताना भोकांतून हवा स्वतःच ओढून घेतो. भोकं उघडी तर ज्योत निळी, भोकं बंद तर ज्योत पिवळी. याचं त्यानं पेटंट घेतलं नाही.

याच निळ्या, जवळजवळ बिनरंगी ज्योतीत पदार्थ धरून त्यानं आणि किरखॉफनं वर्णपटाचा अभ्यास केला. १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम सापडलं. सीझियमसाठी त्यानं झऱ्याचं ४० टनांहून जास्त पाणी आटवलं होतं. लग्न त्यानं केलं नाही. १८८९ साली निवृत्त झाला आणि १६ ऑगस्ट १८९९ ला हायडेलबर्गलाच गेला.

आपल्या घरच्या शेगडीत आणि गॅस गिझरमध्ये आजही तीच युक्ती आहे. हे वाचल्यावर माझी ट्यूब पेटली. बन्सेनचा बर्नर म्हणजे नुसती पितळेची नळी नाही. त्याचा मोठा हिस्सा हवा आहे, आणि ती हवा दुकानात मिळत नाही. ती खोलीनं द्यायची असते!

मी वहीत हिशोब मांडला. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॅट लागतात. थोडी उष्णता वाया जाते म्हणून गॅसकडून साडेबारा धरा. पंधरा मिनिटांत पाव किलोच्या आसपास गॅस जळतो आणि एक किलो गॅसला जवळपास तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे एका अंघोळीला तीन घनमीटरहून जास्त हवा. आमची न्हाणी चार फूट बाय सहा फूट, उंची आठ. एकूण साडेपाच घनमीटरसुद्धा नाही. खिडकीला आम्ही थंडीसाठी पुठ्ठा लावला होता. म्हणजे बन्सेनच्या बर्नरची भोकं आम्हीच बंद केली होती.

आज्जीच्या वेळी तांब्याचा बंब होता. तुराट्या, पऱ्हाट्या घालून तो अंगणात पेटवायचा. धुरानं डोळे चुरचुरायचे, पण विस्तव बाहेर आणि माणूस आत. पहिला गिझर घेताना तो बंब मोडीत घातला. विस्तव घराच्या आत आलाय, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग नवीन गिझरचा विषय निघाला. दुकानदारानं दोन दाखवले. एक बिनमार्कचा, ३,२०० रुपयांचा. दुसरा आय.एस.आय. मार्कचा, ५,४०० चा. पप्पांनी फार न बोलता मार्कचा घेतला. खरा वाद दुसऱ्या आकड्यावर झाला. गिझर न्हाणीच्या बाहेर परसाच्या भिंतीवर लावणं, पाण्याची लाईन फिरवणं, नवा गॅस पाईप आणि न्हाणीत कायम उघडी राहील अशी जाळी, याचे फिटरदादांनी २,३५० सांगितले. पप्पांचं म्हणणं, मार्कचा गिझर घेतलाय ना, मग हा जास्तीचा खर्च कशाला? जुन्याच खिळ्यावर अडकवू.

इथे मला बन्सेन कामाला आला. मी पप्पांना वही दाखवली. मार्क सांगतो की यंत्र कसोटीला उतरलंय. ज्योत विझली तर गॅस बंद होईल, हेही ठीक. पण आमची न्हाणी कुणी तपासली? मोठ्या कारखान्याच्या बॉयलरला आपल्याकडे १९२३ पासून कायदा होता, इन्स्पेक्टर होता, सर्टिफिकेट होतं. जर्मनीत घरच्या गॅस बॉयलरचा धूर मोजायला चिमणीवाला येतो. ब्रिटनमध्ये नोंदणी असलेल्या माणसाशिवाय घरच्या बॉयलरला पैसे घेऊन कुणी हात लावू शकत नाही. तिथले लोक या खर्चावर कुरकुरतही असतील, पण कुणीतरी खोली बघतो. बिलोलीत आमच्या न्हाणीला सर्टिफिकेट देणारं आमच्याशिवाय कोण होतं?

पप्पा बराच वेळ गप्प बसले. मग आईच उठली आणि तिनं खिडकीचा पुठ्ठा काढून फेकला. फिटरदादांना ७,७५० चं पूर्ण काम सांगितलं.

मित्रांनो, आपल्यापैकी कितीतरी जण घरून किंवा बाहेरच्या रूमवरून येतात. या वेळी घरी गेलात की एक काम करा. गिझर आत आहे का बाहेर ते बघा, खिडकी उघडते का ते बघा, ज्योत निळी आहे का पिवळी ते बघा. पिवळी दिसली तर गिझर बंद करा आणि फिटरला बोलवा. निळी असली तरी बंद न्हाणीत भरवसा ठेवू नका, आमची कधी पिवळी झाली ते कुणी पाहिलंच नव्हतं.

आई आता बरी आहे. गिझर परसात आहे. थंडीत जाळीतून गार वारा येतो म्हणून आज्जी रोज कुरकुर करते, आणि ती कुरकुर ऐकली की मला बरं वाटतं.