दोन साम्राज्यांच्या मध्ये : कुवेतचे शेख मुबारक अस्-सबाह



कुवेत हे नाव आपल्या समाजाला परके नाही. कोकणातील कितीतरी घरांना कुवेतच्या कमाईने आधार दिला आहे. परंतु तेल सापडण्यापूर्वीचे कुवेत कसे होते आणि बलाढ्य साम्राज्यांच्या तावडीतून ते कसे वाचले, याची माहिती आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. ती कहाणी शेख मुबारक अस्-सबाह यांच्या चरित्राशी जोडलेली आहे. इतिहासात ते मुबारक अल्-कबीर म्हणजे थोरले मुबारक या नावाने ओळखले जातात. त्यांचे सारेच चरित्र अनुकरणीय आहे असे मी म्हणणार नाही. मात्र त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

त्या काळचे कुवेत म्हणजे आखाताच्या टोकाला वसलेले, मातीच्या घरांचे एक बंदर. शेती नाही, नदी नाही. पिण्याचे पाणीसुद्धा पुढे पुढे शत्त-अल्-अरब नदीतून नावांत भरून आणावे लागे. लोक समुद्रावर जगत. उन्हाळ्यात मोती काढायचे आणि पुढच्या मोसमात बसऱ्याचा खजूर गलबतांतून मुंबई आणि मलबारकडे न्यायचा. परतताना तांदूळ, कापड आणि जहाजबांधणीचे लाकूड आणायचे. मुंबईचा मोतीबाजार ही कुवेतच्या व्यापाऱ्यांची दुसरी पेढीच होती. बाजारात नाणे चाले ते हिंदुस्थानचा रुपया.

राजकीय दृष्ट्या कुवेत तुर्की साम्राज्याच्या छायेत होते. तुर्कस्तानचा सुलतान हा खलिफा. त्याचा झेंडा कुवेतच्या गलबतांवर फडके. १८७१ मध्ये बगदादचा सुभेदार मिधत पाशा याने अल्-हसावर स्वारी केली, तेव्हा कुवेतच्या शेखांनी त्याला मदत केली आणि त्यांना कायमकाम हा किताब मिळाला. कायमकाम म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याच्या अधिकाऱ्यासारखा हुद्दा. पण हा मान कागदावरचा होता. कुवेतचा कारभार शेख आपल्या मर्जीने पाहत.

शेख मुबारक यांचा जन्म १८३७ च्या सुमाराचा. वडीलभाऊ मुहम्मद गादीवर होते, दुसरे भाऊ जर्राह खजिना सांभाळत. मुबारक यांच्याकडे वाळवंटातील टोळ्यांना ताब्यात ठेवण्याचे जोखमीचे काम होते. हे काम पैशावाचून होत नसे आणि पैसा भावांच्या हाती. कुरबूर वाढत गेली. अखेर मे १८९६ मध्ये एका रात्री मुबारक यांनी दोन्ही भावांना ठार केले आणि स्वतः गादी घेतली.

वाचकहो, या कृत्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. भावाच्या रक्ताने मिळवलेली सत्ता कोणत्याही नीतीत बसत नाही आणि आपल्या दीनमध्ये तर मुळीच नाही. त्याची किंमतही मुबारक यांना पुढे मोजावी लागली. मृत भावांच्या मुलांनी बसरा गाठला. त्यांचा नातेवाईक यूसुफ अल्-इब्राहीम हा गडगंज व्यापारी त्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्याने तुर्की अधिकाऱ्यांकडे दाद मागितली आणि १८९७ मध्ये कुवेतवर समुद्रातून चाल करण्याचाही प्रयत्न केला. बसऱ्याच्या वालीला आयतीच संधी मिळाली. घरच्या भांडणाचे निमित्त करून कुवेत प्रत्यक्ष तुर्की अंमलाखाली आणावे, असे बेत शिजू लागले.

मुबारक यांनी दोन्हीकडे हात पुढे केला. एकीकडे त्यांनी इस्तंबूलकडून कायमकामाचा किताब मिळवला. दुसरीकडे इंग्रजांकडे संरक्षण मागितले. इंग्रजांनी आधी नकार दिला. तुर्कस्तानशी विनाकारण वैर त्यांना नको होते. परंतु थोड्याच काळात वारे फिरले. भूमध्य समुद्रापासून कुवेतपर्यंत रेल्वे बांधण्याची एक रशियन योजना पुढे आली. जर्मनांचाही बगदादपर्यंत आणि तेथून आखातापर्यंत रेल्वे नेण्याचा विचार होता. हिंदुस्थानच्या वाटेवर परक्यांचे बंदर होणार, या कल्पनेने इंग्रज सावध झाले. त्याच वेळी लॉर्ड कर्झन हिंदुस्थानचे व्हाइसरॉय म्हणून आले.

२३ जानेवारी १८९९ रोजी आखातातील इंग्रज रेसिडेंट कर्नल मीड यांनी कुवेतला येऊन मुबारक यांच्याशी गुप्त करार केला. मुबारक यांनी आपल्या आणि आपल्या वारसांच्या वतीने मान्य केले की, इंग्रज सरकारच्या संमतीशिवाय कोणत्याही परक्या सत्तेचा वकील कुवेतमध्ये ठेवून घेणार नाही आणि आपल्या मुलखातील जमीन विकणार, गहाण टाकणार किंवा भाड्याने देणार नाही. याबद्दल त्यांना पंधरा हजार रुपये मिळाले. येथे एक बारकावा ध्यानात घ्या. मुबारक यांनी आपल्या सर्व वारसांना बांधून घेतले. इंग्रजांनी मात्र कुवेतचे रक्षण करण्याचे स्पष्ट वचन त्या करारात लिहिले नव्हते. सदिच्छेचे आश्वासन तेवढे वेगळ्या पत्रातून दिले.

तरीही करार कामी आला. १९०० च्या जानेवारीत जर्मन रेल्वेचे शिष्टमंडळ कुवेतला आले, तेव्हा मुबारक यांनी त्यांचे आतिथ्य केले, पण जमीन दिली नाही. पुढच्या वर्षी मात्र त्यांचा अंदाज चुकला. हाइलच्या इब्न रशीदवर ते मोठे सैन्य घेऊन नज्दमध्ये शिरले आणि मार्च १९०१ मध्ये सरीफच्या लढाईत त्यांचा दारुण पराभव झाला. कुवेत दुबळे झाले असे पाहून तुर्की अधिकारी पुढे सरसावले. ऑगस्टमध्ये झुहाफ नावाची तुर्की युद्धनौका बंदरात आली. पर्सियस या इंग्रज जहाजाच्या कप्तानाने तिला सैन्य उतरवू दिले नाही. डिसेंबरमध्ये तीच नौका बसऱ्याच्या नकीबांना घेऊन पुन्हा आली. निरोप असा होता की, शेखांनी इस्तंबूलला येऊन मानाची जागा घ्यावी, नाहीतर कुवेत सोडावे. नकार दिल्यास बळ वापरले जाईल. इंग्रज जहाजे पुन्हा आडवी आली आणि तो प्रसंग टळला.

मग तुर्कांनी दुसरा मार्ग धरला. शहर हाती येत नाही, तर सरहद्द तरी दाबावी. १९०२ च्या सुरुवातीला त्यांनी सफवान, उम्म कस्र आणि बुबियान बेटावर सैनिकी ठाणी बसवली. बुबियान म्हणजे दलदलीचे ओसाड बेट. पण त्याच्या शेजारून जाणारी खोर अब्दुल्लाची खाडी रेल्वेच्या अखेरच्या बंदराला सोयीची होती. म्हणून मूठभर शिपायांच्या त्या ठाण्यावरून लंडन आणि इस्तंबूलमध्ये कागदी घोडे नाचू लागले. मुबारक सांगत की बेट आमचे आहे, आमचे मासेमार तेथे जातात. तुर्क म्हणत की कुवेतच आमचे, मग बेट कोणाचे हा प्रश्न कुठे उरतो? इंग्रज निषेध नोंदवत, पण ठाणी काही हलवत नसत. आखलेली सरहद्द तेथे मुळी नव्हतीच. अमुक टोळी कोणाला जकात देते, कोणत्या विहिरीवर उतरते, यावरून मुलूख ओळखला जाई. नकाशावर रेघ ओढू पाहणाऱ्यांना हा हिशेब उमगत नव्हता.

१९०३ च्या नोव्हेंबरात लॉर्ड कर्झन स्वतः कुवेतला येऊन गेले. १९०४ मध्ये कॅप्टन नॉक्स हे पहिले इंग्रज पोलिटिकल एजंट म्हणून तेथे राहू लागले. १९०७ मध्ये शुवेख बंदराची जमीन सालीना साठ हजार रुपयांवर इंग्रजांना भाड्याने दिली गेली. आपल्या ओसाड किनाऱ्याची किंमत मुबारक यांना पुरती कळली होती.

परंतु प्रजेची किंमत कळायला त्यांना धडा मिळावा लागला. लढायांसाठी त्यांनी करांचा बोजा वाढवला. १९१० मध्ये हिलाल अल्-मुतैरी यांच्यासारखे मोठे मोती-व्यापारी आपली माणसे घेऊन सरळ कुवेत सोडून गेले. मोत्याचा धंदा बसला तर कुवेतला खायला मिळणार नव्हते. ज्या शेखांनी सुलतानापुढे मान तुकवली नव्हती, त्यांना या व्यापाऱ्यांची मनधरणी करावी लागली.

त्यानंतर जे घडले ते आपल्या या स्मरणिकेत मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. कुवेतमध्ये तोवर कुराणपठण आणि थोडे लिहिणे शिकवणारे मकतब होते, नियमित शाळा नव्हती. शेख यूसुफ बिन ईसा अल्-किनाई आणि काही जाणत्या मंडळींनी शाळेसाठी वर्गणी जमवायला सुरुवात केली. गावातून साडेबारा हजार रुपये जमले. अल्-खालिद घराण्याने घर दिले. सर्वांत मोठी रक्कम आली ती आपल्या मुंबईहून. तेथे मोत्याचा व्यापार करणारे जासिम अल्-इब्राहीम यांनी तीस हजार आणि अब्दुर्रहमान अल्-इब्राहीम यांनी वीस हजार रुपये दिले. ज्या यूसुफ अल्-इब्राहीमने मुबारक यांच्याशी उभे वैर केले होते, त्याच घराण्यातले हे दाते. शाळेच्या कामात त्यांनी जुने वैर आड येऊ दिले नाही. २२ डिसेंबर १९११ रोजी मद्रसा मुबारकिया सुरू झाली. नाव शेखांचे, पैसा आणि तळमळ लोकांची.

या शाळेची गरज किती होती, हे दीड वर्षातच दिसले. २९ जुलै १९१३ रोजी लंडनमध्ये इंग्रज आणि तुर्क यांनी कुवेतची सरहद्द ठरवली. बुबियान कुवेतला मिळाले, सफवान आणि उम्म कस्र गेले आणि कुवेत हे तुर्की साम्राज्यातील स्वायत्त कजा ठरले. कुवेतमध्ये तुर्कांचा प्रतिनिधी राहील, असेही मान्य झाले. मुबारक यांनी ज्यासाठी सारी हयात घालवली, त्याचा निवाडा त्यांना न विचारता झाला! पुढे महायुद्ध पेटले आणि तो तह मंजूर न होताच बारगळला. ३ नोव्हेंबर १९१४ रोजी इंग्रजांनी मदतीच्या मोबदल्यात कुवेतला आपल्या संरक्षणाखालील स्वतंत्र सत्ता मानण्याचे वचन दिले. पण खलिफाच्या विरोधातील बाजू घेणे कुवेतच्या अनेकांना रुचले नाही. १९१५ मध्ये मुबारक यांनी मुहम्मराचे शेख खज़अल यांच्या मदतीला जाण्याचा हुकूम दिला, तेव्हा लोकांनी तो मानला नाही. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला मुबारक यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात १९२२ मध्ये उकैर येथे इंग्रज अधिकारी सर पर्सी कॉक्स यांनी पुन्हा रेघ ओढली आणि कुवेतचा दक्षिणेकडील मोठा मुलूख नज्दकडे गेला. त्याही वेळी कुवेतच्या वतीने बोलायला इंग्रज अधिकारीच होता. १८९९ चा करार १९६१ मध्ये संपला आणि कुवेत स्वतंत्र झाले. १९६२ च्या राज्यघटनेप्रमाणे अमीर हा मुबारक यांच्याच वंशातला असतो. १९९० मध्ये इराकने आक्रमण केले, तेव्हाही जुन्या तुर्की अंमलाचा दाखला पुढे करण्यात आला. म्हणजे ते जुने कागद अजूनही बोलत होते.

पालकहो, मुबारक यांनी धैर्याने आणि धूर्तपणाने आपला मुलूख राखला, हे मान्य केलेच पाहिजे. पण एका माणसाची हुशारी त्याच्याबरोबर जाते. तहातील शब्द पारखणारे, नकाशा वाचणारे, हिशेब मागणारे लोक घडवावे लागतात आणि ते शाळेतच घडतात. कुवेतच्या व्यापाऱ्यांना हे पटले होते. १९२१ मध्ये त्यांनी इंग्रजी शिकवणारी अहमदिया शाळा काढली. १९३६ मध्ये शिक्षणासाठी आपल्या मालावर अर्धा टक्का जादा जकात स्वतःहून घेतली. पुढे मुलींच्याही शाळा निघाल्या. तेलाचा पैसा यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आपल्या संस्थेच्या पावतीपुस्तकात कोणी शंभर रुपये लिहितो, कोणी पाच हजार. घराघरांत, मोहल्ल्यामोहल्ल्यांत जुने रुसवेही असतात. ते शाळेच्या दाराबाहेर ठेवण्याचे शहाणपण मुंबईच्या त्या दोन मोती-व्यापाऱ्यांनी दाखवले. आणि मित्रांनो, तुम्ही उद्या नोकरीचा करार घेऊन आखातात जाल किंवा येथेच एखाद्या खरेदीखतावर सही कराल, तेव्हा प्रत्येक ओळ स्वतः वाचा. समोरच्याने काय लिहिले नाही, तेही पाहा. एवढे ज्ञान तुमच्या पदरात पडावे, म्हणून ही संस्था उभी आहे.