उदयनगरची सेविका : सिस्टर राणी मारिया

देवास म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाला दोन गोष्टी आठवतात. एक, पवारांची थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या. आणि दुसरी, १९४८ साली तेथे राहावयास गेलेले कुमार गंधर्व. शेजारचे धार संस्थानही पवारांचेच. या दोन्ही गावांत मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. आपल्या मंडळ्यांतील जाणत्या माणसांना धारची आणखी एक ओळख असते. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा यांनी तेथे दवाखाना चालवला, कुष्ठरोग्यांची सेवा केली आणि छप्पन्नच्या दुष्काळात अनाथ झालेली मुले सांभाळली. माळव्यातील ख्रिस्ती सेवेचा हा मोठा वारसा आहे आणि तो सांगताना आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. दवाखाना उघडल्याने, पोरक्या मुलांना पेज पाजल्याने गावच्या सावकाराचे काही बिघडत नाही. उलट तोही कधी मधी देणगी देतो. गरिबाला भाकरी देणाऱ्याचे सर्वजण कौतुक करतात; त्याची भाकरी जाते कोठे हे जो गरिबाला दाखवून देतो, त्याच्यावर मात्र लोक उठतात. याच देवास जिल्ह्यात उदयनगर नावाच्या लहानशा गावी असे दाखवून देणारी एक बाई होऊन गेली. ती रोमन कॅथलिक जोगीण होती, मराठी नव्हती, आपल्या मंडळ्यांपैकीही नव्हती. तरीही तिचे चरित्र आपल्या घरांत आणि शब्बाथ शाळांत सांगितले जावे असे आम्हांस वाटते.

सिस्टर राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातील एर्नाकुळम जिल्ह्यात पुल्लुवळी या गावी झाला. घरचे आडनाव वट्टालिल, वडील पैली, आई एलिस्वा. सात भावंडांत त्यांचा क्रमांक दुसरा. घरचा धंदा शेतीचा, आणि प्रार्थनेचा नियम घरात कडक. शाळा संपल्यावर त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या धर्मभगिनींच्या संघात दाखल झाल्या आणि १९७४ साली त्यांनी पहिली व्रते घेतली. धाकटी बहीण सेल्मी हीही पुढे त्याच संघात आली. तिची गोष्ट शेवटी यावयाची आहे.

१९७५ च्या अखेरीस त्या उत्तर प्रदेशात बिजनोरला गेल्या. केरळची मुलगी, हिंदीचा गंध नाही. आधी भाषा शिकली, मग शाळेत शिकवू लागली. दोनएक वर्षे शिक्षिकेचे काम केल्यावर त्यांचा ओढा शाळेच्या भिंतींबाहेर, वस्त्यांकडे वळला. १९८३ साली त्या पूर्व मध्य प्रदेशातील ओडगडी येथे गेल्या आणि जवळजवळ नऊ वर्षे आदिवासी गावांतून हिंडल्या. मे १९९२ मध्ये त्या उदयनगरला आल्या. पुढे त्यांना पुरती तीन वर्षेही मिळाली नाहीत.

उदयनगर इंदूरच्या आग्नेयेस, विंध्याच्या उतारावर आहे. घाटरस्ता, साग-पळसाचे रान, पावसाच्या भरवशावरची मुरमाड जमीन. भिलाला, बारेला, कोरकू अशा जमातींची वस्ती. येथल्या दारिद्र्याचे मूळ जसे जमिनीत तसेच कर्जातही होते. आमच्या वाचकांपैकी जे खेड्यात वाढले त्यांना वाढीदिढी म्हणजे काय हे सांगावयास नको. पण शहरातील मुलांना सांगावे लागेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

समजा, आषाढात घरचे दाणे संपले म्हणून एका माणसाने सावकाराकडून एक पोते ज्वारी उसनी घेतली. दिढीच्या बोलीप्रमाणे पीक निघाल्यावर त्याने दीड पोते परत करावयाचे. मधला काळ चार महिने धरला तर चार महिन्यांत शेकडा पन्नास, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने शेकडा दीडशे व्याज झाले. कर्ज जर पैशात मांडले आणि फेड धान्यात घेतली तर ऋणको आणखी नागवला जातो. कारण दाणे महाग असताना दिलेले कर्ज तो दाणे स्वस्त असताना फेडतो. दीड पोते गेल्यावर घरात उरते ते माघापर्यंत पुरत नाही, आणि पुढच्या आषाढाच्या आधीच तो पुन्हा त्याच ओट्यावर उभा राहतो. मग बायकोच्या अंगावरची चांदी गहाण पडते. चांदी संपली की अंगमेहनत गहाण पडते. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातील वारल्यांत लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत, आणि त्या प्रथेविरुद्ध १९४५ साली गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना उभे केले. रोग तोच होता, रान तेवढे वेगळे.

कायदे नव्हते असे नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली होती. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेत बंधने होती. चौदा मोठ्या बँका १९६९ साली राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. १९७२ पासून अगदी गरिबांसाठी शेकडा चार व्याजाने कर्जाची योजना होती. १९८० पासून ग्रामीण विकासाचा एकात्मिक कार्यक्रम देशभर लागू होता. एकीकडे शेकडा दीडशे, दुसरीकडे शेकडा चार. मग माणूस दीडशेच्या दारात का जातो? कारण तेथे कागद लागत नाही. बँकेत अर्ज लागतो, जातीचा दाखला लागतो, जमिनीचा उतारा लागतो, साहेबासमोर उभे राहण्याचे धैर्य लागते. आणि ज्याला अक्षर येत नाही त्याला हे सर्व मिळवून देणारा मध्यस्थ बहुधा सावकाराच्याच बैठकीतला असतो.

सिस्टर राणी मारिया यांनी नेमके याच ठिकाणी काम धरले. त्यांनी काही वाटले नाही. गावोगाव फिरून, झोपड्यांत बसून त्यांनी लोकांना सरकारी योजना समजावून दिल्या, बँकेचा रस्ता दाखवला, शेतमजुरांना आणि स्त्रियांना एकत्र बसून थोडी थोडी शिल्लक टाकावयास शिकवले, साक्षरतेचे वर्ग चालवले, आणि आपल्या हक्काचे मागताना मान खाली घालू नये हे मनावर बिंबवले. योगायोग असा की, त्याच १९९२ साली नाबार्डने बचतगटांना बँकांशी जोडण्याचा पहिला प्रयोग देशात सुरू केला. आज बचतगट हा शब्द प्रत्येक खेड्यात माहीत आहे. तेव्हा तसे नव्हते.

येथे थोडे विषयांतर करतो. गटाच्या नावाखाली पुढे निराळेही धंदे झाले. आंध्र प्रदेशात २०१० साली खाजगी कर्जकंपन्यांचा वसुलीचा जाच इतका वाढला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. चार बायका एकत्र बसल्या म्हणजे झाले असे नाही. त्या कोणाच्या फायद्यासाठी बसल्या आहेत हे पाहावे लागते. आपल्या मंडळ्यांतून असे गट चालवणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

उदयनगरच्या परिसरात याचा परिणाम दिसू लागला. जो माणूस बँकेचा हप्ता भरतो, तो सावकाराच्या शेतावर फुकट राबावयास जात नाही. जो मजुरीचा दर जाणतो, तो कमी घेत नाही. ज्यांची मिळकत यावर चालली होती त्यांना ही बाई सलू लागली. धमक्या आल्या. ही बाई लोकांना ख्रिस्ती करावयास आली आहे, अशीही कुजबुज पसरवण्यात आली. असे बोलणे फार सोपे असते, कारण मग व्याजाच्या दराविषयी बोलावे लागत नाही.

२५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी त्या उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. त्याच गाडीत एक तरुण शेतकरी होता. वाटेत त्याने गाडी थांबवून नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे प्रवाशांना वाटले, जणू काही आनंदाचा प्रसंग आहे. नंतर नाचनबोरच्या घाटात त्याने चाकू काढून सिस्टर राणी मारिया यांच्यावर वार केले, त्यांना गाडीबाहेर ओढले आणि रस्त्यावरही वार करीत राहिला. गाडीत पन्नासच्या आसपास माणसे होती. कोणी मध्ये पडले नाही. अंगावर चोपन्न जखमा मोजल्या गेल्या. शेवटपर्यंत त्या येशूचे नाव घेत होत्या, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. वय एक्केचाळीस वर्षांचे होते. उदयनगरच्या चर्चच्या आवारातच त्यांना माती देण्यात आली.

मुलांना ही गोष्ट सांगताना शिक्षकांनी चाकूवर फार वेळ थांबू नये. दीड पोत्याच्या हिशेबावर थांबावे. मुले तो हिशेब फळ्यावर सहज करतील. आणि त्याबरोबर नहेम्याचा पाचवा अध्याय काढावा. तेथे धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकलेल्या, पोटची मुले दास्यात दिलेल्या लोकांचा आक्रोश आहे. आणि वेशीचे बांधकाम चालू असतानाच नहेम्याने सरदारांना बोलावून शेते व व्याज परत करावयास लावले, हेही आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात सुपे येथे १२ मे १८७५ रोजी कुणब्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली, तेव्हा त्यांच्यात नहेम्या नव्हता. सरकारला जाग येऊन १८७९ चा कायदा झाला तो त्यानंतर.

सिस्टर राणी मारिया एकट्याच या वाटेने गेल्या असे नाही. त्याच मध्य प्रदेशात भिलाईला, २८ सप्टेंबर १९९१ रोजी, मजुरांचे पुढारी शंकर गुहा नियोगी यांना झोपेत गोळी घालण्यात आली होती. ब्राझीलमध्ये भूमिहीनांसाठी झटणारी सिस्टर डोरोथी स्टँग ही वृद्ध जोगीण १२ फेब्रुवारी २००५ रोजी अशीच मारली गेली. आणि जगात दुसरीकडे हाच कर्जाचा प्रश्न मोठ्या आकड्यांत मांडला जात होता. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातील योबेल वर्षाचे नाव घेऊन निघालेल्या चळवळीत अनेक देशांतील मंडळ्या सामील झाल्या, आणि १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅम येथे श्रीमंत राष्ट्रांचे पुढारी जमले असता सत्तरएक हजार लोकांनी हातात हात धरून शहराभोवती साखळी केली. गरीब राष्ट्रांचे न फिटणारे कर्ज सोडून द्यावे एवढीच त्यांची मागणी. पुढच्या वर्षी कोलोनच्या बैठकीत ती काही अंशी मान्य झाली. राष्ट्राचे कर्ज आणि आषाढातले पोते यांच्या आकाराची तुलनाच नाही, पण दोन्हीकडे फेडूनही मुद्दल तसेच राहते.

रोमन कॅथलिक मंडळीने ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे मोठ्या समारंभाने सिस्टर राणी मारिया यांना धन्य म्हणून जाहीर केले. या रीतीविषयी आपल्या मंडळ्यांची शिकवण वेगळी आहे आणि ती येथे बाजूला ठेवण्याचे कारण नाही. पण साक्ष ही साक्षच असते, आणि ती कोणत्या मंडळीच्या वहीत नोंदली गेली यावर तिचे मोल ठरत नाही.

आता सेल्मीची गोष्ट. वार करणाऱ्या तरुणाला जन्मठेप झाली. त्याचे नाव पुष्कळ ठिकाणी छापून आले आहे. येथे त्याची गरज नाही. गावातील वजनदार माणसाने आपले कान भरले आणि पुढे करून सोडून दिले, असे त्याने नंतर सांगितले, आणि तुरुंगातली पहिली वर्षे त्याने सूडाचेच बेत करण्यात घालवली. स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक पाळक त्याला भेटू लागले. मग २००२ च्या राखीपौर्णिमेला सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि ज्या हाताने थोरल्या बहिणीला मारले होते त्याच हाताला तिने राखी बांधली. म्हातारी आई एलिस्वाही पुढे त्याला भेटली आणि तिने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. आपल्या मुलीचे रक्त या हातांना लागले होते म्हणून. त्याची सुटका व्हावी यासाठी या कुटुंबाने आणि धर्मभगिनींनी स्वतः खटपट केली. २००६ साली तो सुटला.

जानेवारी २००७ मध्ये तो स्वामी सदानंदांबरोबर माळव्याहून केरळला पुल्लुवळीला गेला आणि वट्टालिलांच्या घरी जाऊन त्याने क्षमा मागितली. घरच्यांनी त्याला आत घेतले. तेथून परतल्यावर तो पुन्हा आपल्या शेतावर राबू लागला, आणि उदयनगरला त्या कबरेपाशी जाऊ लागला.