नेल्सनच्या तंबूतला सोबती

लंडनला भारतातून कुणी पाहुणे आले की ट्रफाल्गर चौकाची फेरी ठरलेलीच. सिंहांजवळ फोटो काढायचा, मग मान वर करून त्या उंच खांबावरचा नेल्सन बघायचा. मीही आजवर किती जणांना तिथे नेलंय, मोजदाद नाही. पण नेल्सन एकवीस वर्षांचा असताना त्याच्याबरोबर एकाच तंबूत राहिलेल्या सोबत्याचं नाव आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. २०१९ साली बीबीसीवर पोल्डार्क मालिकेचं शेवटचं पर्व आलं, त्यात नेड डेस्पार्ड नावाचा माणूस दिसला. खरा होता का हा, असा प्रश्न घरात निघाला, आणि त्याच्या मागे लागत मी क्यूला पोचलो. क्यू गार्डन्स सगळ्यांना माहीत असतात, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. वाचकाचं कार्ड काढलं की जुनी कागदपत्रं कुणालाही फुकट बघता येतात.

एडवर्ड मार्कस डेस्पार्ड १७५१ साली आयर्लंडमध्ये जन्मला. घर जमीनदारांचं, भावंडांत हा धाकटा. धाकट्याच्या वाट्याला जमीन येत नाही, म्हणून पंधराव्या वर्षी लष्करात गेला आणि जमैकात पोचला. तटबंदी बांधण्याचं काम त्याला उत्तम जमायचं. १७८० साली इंग्रजांनी निकाराग्वातल्या सान हुआन नदीवरच्या स्पॅनिश किल्ल्यावर मोहीम काढली. तिथे नेल्सन आणि तो एकत्र होते. किल्ल्यावर डागलेली जवळजवळ प्रत्येक तोफ या दोघांपैकी एकाने रोखलेली असायची. किल्ला पडला, पण ताप आणि हगवणीने बहुतेक सैनिक मेले. नेल्सनला तर त्याआधीच आजारी अवस्थेत परत न्यावं लागलं. डेस्पार्ड टिकला, मागे राहिला, बढत्या मिळवत कर्नल झाला.

आता बेलीझ म्हणतात तो देश त्या काळी वसाहतसुद्धा नव्हता. जमीन नावाला स्पेनची, आणि होंडुरासच्या आखाताच्या काठी इंग्रज लाकूडतोड्यांची वस्ती. कापड रंगवायला लागणारं लॉगवुड आणि फर्निचरसाठी महोगनी तोडून विलायतेला पाठवायची, हा धंदा. लाकूडतोडे हा शब्द तसा फसवा आहे. कुऱ्हाड चालवायचे आफ्रिकन गुलाम, आणि तोडीचे बहुतेक पट्टे मोजक्या श्रीमंत घरांच्या हातात. न्यायाधीशही त्यांच्यातलेच निवडून आलेले. या वस्तीवर सरकारने डेस्पार्डला अधीक्षक नेमलं.

१७८६ साली इंग्लंड-स्पेन करार झाला. सिबून नदीपर्यंत लाकूड तोडायची परवानगी मिळाली, पण बदल्यात मॉस्किटो किनाऱ्यावरची इंग्रज वस्ती उठवायची होती. १७८७ मध्ये तिथून दोन हजारांहून जास्त माणसं बेलीझला येऊन थडकली. बहुतेक गुलाम, आणि बाकीच्यांत बरेच स्वतंत्र काळे आणि मिश्रवर्णीय लोक. मूळ वस्तीपेक्षा आलेलेच कितीतरी पटींनी जास्त. त्यांना राहायला जागा देणं डेस्पार्डचं काम होतं. त्याने साधा मार्ग काढला : चिठ्ठ्या टाकल्या. जमिनीचे तुकडे पाडले, आणि स्वतंत्र असलेल्या प्रत्येकाने, कातडीचा रंग कोणताही असो, चिठ्ठी उचलायची. गुलामगिरी मात्र त्याने मोडली नाही, तेही इथे सांगायला हवं. चिठ्ठी उचलायचा हक्क गुलामांना नव्हताच.

तरीही जुन्या वस्तीवाल्यांच्या पायाखालची वाळू सरकली. जोशुआ जोन्स नावाच्या एका स्वतंत्र काळ्या माणसाला तुकडा मिळाला. त्यावर आधीपासून एक बांधकाम होतं, ते त्याने पाडलं. न्यायाधीशांनी त्याला अटक केली आणि डेस्पार्डने स्वतः जाऊन सोडवलं. मग तक्रारींचा पाऊस सुरू झाला. गोऱ्या माणसाला आणि काळ्याला एकाच रांगेत उभं केलं, हा खरा राग. लंडनहून विचारणा आली तेव्हा डेस्पार्डने कळवलं, की इंग्लंडचा कायदा रंगावरून भेद करत नाही, मग मी कसा करू? त्याने न्यायाधीशपदाची निवडणूकही लढवली आणि भरघोस मतांनी जिंकली. पण मतं बेलीझमधली होती आणि त्याची नोकरी लंडनच्या हातात. त्याला निलंबित केलं गेलं आणि १७९० मध्ये नवा अधीक्षक येताच जुनी पद्धत परत सुरू झाली.

हे सगळं आज आपल्याला कळतं ते दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या कागदांमुळे. वस्तीवाल्यांचे अर्ज आणि त्यांना डेस्पार्डने दिलेली लांबलचक उत्तरं क्यूमध्ये ब्रिटिश होंडुरासच्या पत्रव्यवहारात आहेत. तिथले एक गव्हर्नर, सर जॉन बर्डन, यांनी जुन्या दप्तरांचा गोषवारा करून १९३१ ते १९३५ या काळात तीन खंड काढले. त्यामुळे बेलीझचा इतिहास शोधणाऱ्यांची मोठी सोय झाली.

डेस्पार्ड लंडनला परतला तो एकटा नाही. सोबत पत्नी कॅथरीन आणि मुलगा जेम्स. कॅथरीन काळी होती. त्या काळात अशा बायकांना साहेब लोक बेटांवर सोडून यायचे. हा तिला घेऊन आला.

सरकारने त्याला ताटकळत ठेवलं. शेवटी सांगितलं, की आरोपांत चौकशी करण्यासारखं काही नाही, पण नोकरीही नाही. तिकडून वस्तीवाल्यांनी दावे लावले. १७९२ ते १७९४ हा राजाचा कर्नल कर्जापायी तुरुंगात होता. मग तो लंडनच्या कारागीर-कामगारांच्या सुधारणावादी संघटनेत गेला, आयरिश क्रांतिकारकांशी जोडला गेला. १७९८ साली त्याला पकडलं आणि १८०१ पर्यंत खटल्याशिवाय डांबून ठेवलं. या काळात कॅथरीनने मंत्र्यांना अर्ज केले, वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. थंडीत, शेकोटीशिवाय कोठडीत ठेवलेल्या नवऱ्याचे हाल तिने संसदेपर्यंत पोचवले. तर सरकारच्या वकिलाने तिथे उत्तर काय दिलं? इतकं चांगलं पत्र बाई लिहूच शकत नाही, अशा अर्थाचं!

नोव्हेंबर १८०२ मध्ये लॅम्बेथच्या एका खानावळीत तो कामगार आणि सैनिकांबरोबर पुन्हा पकडला गेला. आरोप राजद्रोहाचा : टॉवर आणि बँक ताब्यात घेऊन राजाला मारायचा कट. फेब्रुवारी १८०३ मध्ये खटला चालला. तोवर साऱ्या देशाचा लाडका झालेला नेल्सन जुन्या मित्राच्या चारित्र्याची साक्ष द्यायला उभा राहिला. ज्युरीने दोषी ठरवलं, पण दयेची शिफारस केली. ती मानली गेली नाही. २१ फेब्रुवारी १८०३ रोजी डेस्पार्ड आणि त्याच्या सहा साथीदारांना हजारो लोकांसमोर फाशी दिलं आणि मग शिरच्छेद केला. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे असईची लढाई झाली. ते साल शाळेत पाठ केलेलं, त्यामुळे ही तारीखही आता डोक्यातून जात नाही.

कॅथरीनने पुढे झगडून त्याला सेंट पॉलच्या परिसरातल्या सेंट फेथच्या दफनभूमीत जागा मिळवली. पण डेस्पार्ड घराण्याच्या आठवणींत ती कशी उरली? स्वतःला त्याची बायको म्हणवणारी एक काळी बाई, इतकीच. अख्ख्या वस्तीला एका रांगेत उभं करणाऱ्याच्या बायकोला त्याच्याच घरात रांगेत जागा नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला आमची वंशावळ आठवली. आजोबांचे एक चुलतभाऊ आफ्रिकेत नोकरीला गेले आणि तिथेच लग्न करून राहिले. वंशावळीत त्यांचं नाव आहे, पुढे एक आडवी रेघ, बस्स. बायको नाही, मुलं नाहीत. लहानपणी विचारलं तर मोठी माणसं विषय बदलायची. आता परदेशात राहणाऱ्या आपल्या घरांत सुना-जावई जगभरचे आहेत, आणि आपण कौतुकाने त्यांचे फोटो ग्रुपवर टाकतो. पण ती जुनी रेघ अजून तशीच आहे.

क्यूहून आल्यावर गावी काकूंना फोन केला. त्या नव्वदीच्या आहेत. जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की नाव माहीत आहे, पत्रं यायची तिची, कुणी उत्तर देत नसे. नाव त्यांनी मला दोनदा सांगितलं, नीट लिहून घे म्हणाल्या. मी घेतलंय. येत्या गणपतीला घरी गेलो की आधी ती वही काढणार आहे.