चित्रांवाचून उरलेला चित्रकार : मानी

इस्लामपूर्व इराणात चित्रकला नव्हतीच, असे मी गेल्या वर्षी ट्यूटोरियलच्या वहीत ठामपणे लिहिले होते. सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात एकच नाव लिहिले : मानी. त्या नावाच्या मागे मी ग्रंथालयात गेलो आणि त्यात गुंतून पडलो.

मानीचा जन्म इ. स. २१६ चा, बाबिलोनियातला. वडील एका कडक स्नानपंथाचे अनुयायी; त्यांच्यासोबत तोही त्याच पंथात वाढला. चोविसाव्या वर्षी त्याने पंथ सोडला. समुद्रमार्गे तो हिंदुस्थानच्या वायव्य भागापर्यंत येऊन गेला. परतल्यावर सासानी सम्राट पहिला शापूर याने त्याला आश्रय दिला.

प्रकाश आणि अंधार यांचा झगडा, ही त्याची शिकवण. जरथुष्ट्र, बुद्ध आणि येशू यांना तो आपले पूर्वसूरी समजे. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही म्हणून त्यांचा उपदेश गढूळ झाला, असे त्याचे मत होते. त्याने स्वतः ग्रंथ लिहिले. शिवाय कानांनी ऐकलेले डोळ्यांनाही पटावे म्हणून एक चित्रग्रंथ केला. फारसी परंपरा त्याला अर्झंग म्हणते.

शापूरनंतर वारे फिरले. पुरोहित कर्तीरचे वजन वाढले. पहिल्या बहरामने मानीला गुंदेशापूरच्या तुरुंगात साखळदंडांत जखडले. इ. स. २७४ ते २७७ च्या दरम्यान तो तिथेच मेला. पुढे ९२३ मध्ये बगदादेत त्याची तसबीर आणि चौदा पोती ग्रंथ जाळले गेले, तेव्हा राखेतून सोन्याचांदीचे ओघळ वाहिले, असे सांगतात.

त्याच्या हातचे एकही चित्र आज उरलेले नाही. पण विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन संशोधकांना मध्य आशियात, तुर्फानजवळ, त्याच्या अनुयायांच्या पोथ्यांची पाने सापडली : शुभ्रवस्त्रांतले लेखक, निळी पार्श्वभूमी, सोन्याचा वर्ख. ती मानीनंतर कित्येक शतकांनी रंगवलेली. दरम्यान फिरदौसीच्या शाहनाम्यात मानी चीनहून आलेला चित्रकार होऊन बसला होता. धर्म लोपला, चित्रे जळाली, तरी फारसीत कुशल चित्रकाराला उपमा आजही मानीचीच.

चित्रे उरली नाहीत म्हणजे चित्रकला नव्हती, असे मी धरून चाललो होतो. वहीतले ते वाक्य मी खोडलेले नाही. लाल रेघेसकट ते तसेच ठेवले आहे.