लुई ब्रेल : घराने घडवलेला मुलगा



४ जानेवारी म्हणजे जागतिक ब्रेल दिन. त्या दिवशी परिपाठात आपण लुई ब्रेल यांची माहिती सांगतो. अंधांसाठी लिपी शोधली, एवढं सांगून मोकळे होतो. मीही कित्येक वर्षं तेच करत होते. मग एका वर्षी माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा आला. त्याला फार कमी दिसायचं. आई रोज वर्गापर्यंत सोडायला यायची. दप्तर तीच उघडायची, मधल्या सुट्टीत येऊन डबाही तीच भरवायची. बाहेर खेळायला मात्र पाठवायची नाही, पडेल म्हणून. त्या वर्षी ब्रेल दिनाची तयारी करताना मी लुईपेक्षा त्याच्या आईवडिलांबद्दलच जास्त वाचलं. तेच आज सांगते.

एक घर आणि एक अपघात

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधल्या कूव्रे या खेड्यात झाला. गाव पॅरिसपासून साधारण ४० किलोमीटरवर. वडील सिमों-रेने घोड्यांची खोगिरं, लगाम असं चामड्याचं सामान बनवायचे. आईचं नाव मोनिक. चार भावंडांत लुई सगळ्यात धाकटा.

लहान मूल मोठ्यांचं बघून तेच करायला जातं, हे आपण रोज पाहतो. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कामाच्या जागी खेळत होता. चामड्याला भोक पाडायला गेला आणि हातातली आरी निसटून डोळ्यात घुसली. उपचार केले, पण त्या काळी जंतुसंसर्गावर औषधच नव्हतं. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले.

आता क्षणभर त्या वडिलांच्या जागी उभे राहा. आपल्याच दुकानात, आपल्याच हत्याराने मुलाचे डोळे गेले. अशा वेळी आईबाप काय करतात? बहुतेक जण मुलाला जपत बसतात, कुठल्याच वस्तूला हात लावू देत नाहीत. त्या काळात गरीब अंध माणसाच्या वाट्याला बऱ्याचदा भीक मागणंच यायचं. त्यात युद्धाचे दिवस, गावात परकं सैन्य येऊन राहिलेलं. लुईला कोपऱ्यात बसवून ठेवलं असतं, तरी कोणी नावं ठेवली नसती.

आईवडिलांनी काय केलं?

त्यांनी त्याला कोपऱ्यात बसवलं नाही. वडिलांनी त्याच्यासाठी काठ्या तासून दिल्या. त्या काठीच्या आधाराने लुई गावातल्या वाटा एकट्याने फिरायला शिकला. लाकडात खिळे ठोकून वडिलांनी त्याला अक्षरांचे आकार बोटांनी ओळखायला शिकवले, असंही सांगतात. चामड्याचे जाड तुकडे कापून अक्षरं करून दिली. त्या अक्षरांच्या कडेने बोट फिरवत लुईने आपली पहिली वाक्यं लिहिली.

थांबून विचार करा. ज्या चामड्याच्या कामाने घात केला, त्याच कामातून वडिलांनी मुलाची पाटी-पुस्तकं तयार केली!

घराला बाहेरची साथही मिळाली. गावच्या धर्मगुरूंनी लुईला शिकवायला घेतलं. गावातल्या शिक्षकांनी त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसवलं. आज आपण ज्याला समावेशित शिक्षण म्हणतो, ते एका खेड्यातल्या शाळेत दोनशे वर्षांपूर्वी घडलं. ऐकून ऐकून लुई वर्गात हुशार ठरला.

पॅरिसची शाळा आणि सहा टिंबं

१८१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, आईवडिलांनी काळजावर दगड ठेवून त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत पाठवलं. तिथे उठावाच्या मोठ्या अक्षरांची जाडजूड पुस्तकं होती. ती वाचायला खूप वेळ लागायचा आणि तशी अक्षरं मुलांना स्वतः लिहिता येत नव्हती. पुढे चार्ल्स बार्बिये नावाच्या अधिकाऱ्याने तयार केलेली उठावाच्या टिंबांची पद्धत शाळेत आली. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत टिंबं, त्यामुळे ती एका बोटाखाली मावत नसे.

लुई ती सोपी करायच्या मागे लागला. सुट्टीत कूव्रेला घरी आल्यावरही हेच काम चालायचं. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी तयार झाली. ती टोचून लिहायचं साधन म्हणजे टोकदार दाभणच, वडिलांच्या आरीची धाकटी बहीण म्हणा.

१८२९ मध्ये त्यांनी ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले, चर्चमध्ये ऑर्गनही वाजवू लागले. पण शाळेनेच ही लिपी बरीच वर्षं मनापासून स्वीकारली नाही. ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, क्षयाने त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्समध्ये लिपीला अधिकृत मान्यता मिळाली. आज आपली मराठीसुद्धा भारती ब्रेलमध्ये याच सहा टिंबांवर लिहिली जाते.

आपण काय घ्यायचं?

अपघात कोणाच्याही घरी होऊ शकतो. जन्मतः असलेली अडचण तर कोणाचीच चूक नसते. त्यामुळे पालकांना दोष देऊन काही साधत नाही. लुईच्या वडिलांकडे कसब होतं, गावात शिकवणारी माणसं होती. प्रत्येक घराला हे मिळत नाही. जिथे ते नाही, तिथे शाळेने पुढे व्हायचं. पण तीन गोष्टी कुठल्याही घरात करता येतात :

१. मुलाला घरातलं एक तरी काम रोज द्या, आणि ते त्यालाच पूर्ण करू द्या.
२. त्याला काय जमत नाही यापेक्षा कसं जमेल, ते शोधा.
३. शिक्षकांपासून अडचण लपवू नका, वेळेवर सांगा.

माझ्या वर्गातल्या त्या आईला मी लुईच्या वडिलांनी तासलेल्या काठीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुलाला फाटकापाशी सोडलं आणि तिथेच उभी राहिली. तो भिंतीला हात लावत लावत, दोनदा थांबत, वर्गात आला. दप्तर त्यानेच उघडलं. वेळ लागला, पण आम्ही सगळे थांबलो.